व्हॉल्व्ह, पंप, रिअ‍ॅक्टर परदेशी पाठवताय? एचएस कोडवर थांबू नका

मिश्रधातू

आयईसी (आयात-निर्यातदाराचा क्रमांक) काढला, बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) नोंदवला, जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरलं, सीएचए (कस्टम्सचं काम करून देणारा दलाल) गाठला. सातारा-कोल्हापूर-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच लहान कारखानदारांची निर्यातीची तयारी इथे संपते. बहुतेक मालाला तेवढी पुरतेही. हा धागा उरलेल्या मालासाठी आहे. तो दिसायला अगदी साधा असतो आणि म्हणूनच अडकतो.

आधी एक गैरसमज. आयईसी हा निर्यातीचा परवाना नव्हे, ती निर्यातदाराची ओळख. हल्ली तो क्रमांक म्हणजे तुमचा पॅनच असतो, फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर तो अद्ययावत करावा लागतो. काही बदललं नसलं तरी 'बदल नाही' असं कळवावं लागतं, नाहीतर तो निष्क्रिय होतो. पण आयईसी चालू आहे म्हणून कुठलीही वस्तू कुठल्याही देशात पाठवायची मुभा मिळत नाही.

वस्तूंचं बोलायचं तर 'स्कोमेट' नावाची एक यादी आहे. विशेष रसायनं, जीवजंतू, साहित्य, उपकरणं आणि तंत्रज्ञान, म्हणजे ज्यांचा नागरी वापर होतो आणि शस्त्रासाठीही होऊ शकतो अशा गोष्टींची. निर्यात धोरणाच्या अनुसूची २ ला जोडलेलं परिशिष्ट ३ म्हणजे ही यादी. अणुविषयक गोष्टींसाठी अणुऊर्जा विभाग, लष्करी सामग्रीसाठी संरक्षण उत्पादन विभाग आणि बाकी जवळजवळ सगळ्यासाठी डीजीएफटी परवाना देतं.

आपल्या पट्ट्याचा संबंध येतो तो श्रेणी ३ मधल्या '३डी' भागाशी. यात रासायनिक कारखान्यांची उपकरणं येतात: रिअ‍ॅक्टर, साठवण टाक्या, हीट एक्स्चेंजर, डिस्टिलेशन कॉलम, व्हॉल्व्ह, पंप. सगळे नाही. रसायनाला टेकणारा पृष्ठभाग कशाचा आहे यावर ठरतं. ४० टक्क्यांहून जास्त निकेल, किंवा २५ टक्क्यांहून जास्त निकेल आणि सोबत २० टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलेला मिश्रधातू, फ्लुरोपॉलिमर (पीटीएफई, पीएफएसारखं प्लास्टिक), काच किंवा ग्लास लायनिंग, टॅंटलम, टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम. शिवाय आकार: रिअ‍ॅक्टर १०० लिटरपेक्षा मोठा आणि २०,००० लिटरपेक्षा लहान, व्हॉल्व्ह १० मिमीपेक्षा मोठा, सीललेस किंवा मल्टिपल सीलचा पंप असेल तर ताशी ०.६ घनमीटरपेक्षा जास्त प्रवाहाचा.

आता हे आपल्या शॉप फ्लोअरवर लावून बघा. एसएस ३१६ मध्ये निकेल १० ते १४ टक्के, म्हणजे बाहेर. डुप्लेक्स २२०५ बाहेर. हॅस्टेलॉय सी-२७६ मध्ये निकेल पन्नाशीच्या वर, म्हणजे आत. मोनेल आत. डक्टाइल आयर्नची स्वस्तातली बॉडी, पण आतून पीटीएफई किंवा पीएफए लायनिंग? आत. रबर लायनिंग असेल तर बाहेर. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे अलॉय २०. ओतीव ग्रेडमध्ये, म्हणजे सीएन७एममध्ये, निकेल २७.५ ते ३०.५ आणि क्रोमियम १९ ते २२. म्हणजे एकाच ड्रॉइंगचे, एकाच फाउंड्रीचे दोन व्हॉल्व्ह. एका हीटमध्ये, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या एका घाण्यात, क्रोमियम १९.६ आलं तर बाहेर, दुसऱ्या हीटमध्ये २०.४ आलं तर आत.

एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, यातलं काहीच सांगत नाही. स्वयंपाकघरातल्या नळाची तोटी ८४८१ मध्ये आणि हॅस्टेलॉयचा बॉल व्हॉल्व्हही ८४८१ मध्ये. तो कोड शुल्क, ड्रॉबॅक, रोडटेप (निर्यातदाराला कराचा परतावा देणाऱ्या योजना) यासाठी. स्कोमेटचा निर्णय मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट आणि ड्रॉइंग बघून होतो, आणि ती दोन्ही कागदं सीएचएकडे नसतात, तुमच्या क्यूसीच्या कपाटात असतात.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो.

पिंपरीचा_पाना

वाखुसा (वाचनखूण साठवली)! फार कामाचा धागा. एक शंका: आमचे बॉल व्हॉल्व्ह एसएस ३१६ चे, पण सीट पीटीएफईची असते. फ्लुरोपॉलिमर आलं की. मग आमचा सगळा धंदाच या यादीत का?

मिश्रधातू

नाही, घाबरू नका. व्हॉल्व्हच्या बाबतीत बॉडी आणि क्लोजर एलिमेंट, म्हणजे बॉल, डिस्क किंवा प्लग, यांचे रसायनाला टेकणारे *सगळे* पृष्ठभाग त्या यादीतल्या पदार्थाचे असावे लागतात. तुमची बॉडी आणि बॉल ३१६ चे. सीट आणि गास्केट कशाची आहे याने फरक पडत नाही. पण गिऱ्हाइकाने लाइन्ड बॉडी मागितली की चित्र पालटतं. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं: दहा वर्षं ३१६ विकलेलं असतं, एक चौकशी लाइन्डची येते, आणि मार्केटिंगवाला जुन्याच कोटेशनमध्ये दर बदलून पाठवतो.

शेवा_नाका

मी कस्टम्स ब्रोकर आहे (लोक अजून सीएचएच म्हणतात, चालतं). दुसरी बाजू मांडतो.

आमच्याकडे इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट येते संध्याकाळी सहाला, आणि सोबत निरोप: उद्या कट-ऑफ (माल बंदरात पोचवायची मुदत) आहे, आज शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा जबाब) टाका. इन्व्हॉइसवर वर्णन काय? 'इंडस्ट्रियल व्हॉल्व्ह्ज, ८४८१८०३०'. धातू नाही, साइज नाही, लायनिंग नाही. आम्ही ते आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, टाकतो. जोखीम व्यवस्थापनाच्या चाळणीतून बरेचदा तपासणीशिवाय लेट एक्सपोर्ट ऑर्डर (माल बाहेर पाठवायची कस्टम्सची परवानगी) मिळून जाते. यावरून निर्यातदाराचा समज होतो की माल 'पास' झाला, म्हणजे परवाना लागत नव्हता. तसं नाही. सिस्टिमने तुमच्या जबाबावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ज्या दिवशी क्वेरी लागते त्या दिवशी सगळं उघडं पडतं. टेक्निकल राइट-अप मागतात, कॅटलॉग मागतात, चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला मागतात, कधी नमुना. कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर गोदामात) उभा, भाडं चालू, जहाज गेलं. एलसीवर (बँकेच्या पतपत्रावर) माल पाठवत असाल तर शेवटची शिपमेंट तारीख निघून जाते आणि मग बँकही कागद परत करते. कायद्याने बघितलं तर सीमाशुल्क कायद्याचं कलम ११३ जप्तीचं आणि ११४ दंडाचं. खोटा जबाब ठरला तर ११४एए वेगळं, त्यात मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

आमच्यावरही जबाबदारी आहे बरं का. २०१८ च्या ब्रोकर नियमावलीनुसार आम्ही गिऱ्हाइकाला कायदा पाळायचा सल्ला द्यायचा, नाही ऐकलं तर कस्टम्सला कळवायचं. लायसन्स जाऊ शकतं. म्हणून हल्ली मी इन्व्हॉइसच्या वर्णनात मटेरियल ग्रेड आणि साइज लिहिल्याशिवाय बिल टाकत नाही. दोन-तीन गिऱ्हाइकं 'दुसरा सीएचए असं काही विचारत नाही' म्हणून निघून गेली. जाऊ देत.

द्राक्षबाग

लोखंडाचं तुम्ही बघा, आम्ही नाशिककर परवाना म्हटलं की कांदाच आठवतो. त्याला कसली स्कोमेट? एका रात्रीत बंदी आणि कंटेनर रस्त्यावर.

मिश्रधातू

अवांतर नाही, उलट फरक समजायला चांगलं उदाहरण आहे. कांद्यावरची बंधनं काळ बघून येतात-जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबर अखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, ८ डिसेंबर २०२३ पासून बंदी, मे २०२४ मध्ये ५५० डॉलरच्या अटीसह आणि ४० टक्के शुल्कासह खुली, सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य रद्द आणि शुल्क २० टक्के, १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. तिथे प्रश्न 'कधी' हा असतो. म्हणून बंदीच्या अधिसूचनेत सवलतीची कलमंही तारखेचीच होती: अधिसूचनेआधी माल चढवायला सुरुवात झाली होती का, शिपिंग बिल भरून जहाज धक्क्याला लागलं होतं का, माल कस्टम्सच्या ताब्यात दिला होता का. विदेश व्यापार धोरणाच्या परिच्छेद १.०५ मध्येही संक्रमणकाळाची तरतूद आहे, पण तिच्यासाठी आधी नोंदवलेली, रद्द न होणारी एलसी लागते. आपल्याकडचे बरेच कांदा व्यवहार अ‍ॅडव्हान्सवर किंवा नुसत्या भरवशावर चालतात, त्यांना तिचा उपयोग होत नाही.

स्कोमेटमध्ये प्रश्न 'काय, कुणाला, कशासाठी' हे असतात, आणि ते बाजारभाव बघून बदलत नाहीत.

देरा_दुबई

मी मूळचा सांगलीचा, दुबईत प्रोसेस इक्विपमेंटचा व्यापार करतो. भारतातले पुरवठादार हल्ली एंड यूज सर्टिफिकेट (माल शेवटी कोण, कशासाठी वापरणार याचा दाखला) मागतात. मी म्हणतो, माल मी घेतोय, पैसे मी देतोय, सर्टिफिकेट मी देतो. तर म्हणतात, नाही, शेवटच्या कारखान्याचं आणा, त्याच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. अहो, माझ्या गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता पुरवठादाराला दिला तर पुढच्या खेपेला मी हवाच कशाला? तो थेट विकेल. माझा धंदाच त्या एका नावावर चालतो. हे डीजीएफटीच्या साहेबांना कोण समजावणार?

शेवा_नाका

तुमचं दुखणं खरं आहे, पण साहेबांना तेच नाव हवं असतं. परवाना देताना दिल्लीत आंतरमंत्रालयीन कार्यगट बसतो, त्यात परराष्ट्र खात्यापासून अणुऊर्जा आणि संरक्षणापर्यंतची माणसं असतात. त्यांच्यासमोर 'दुबईतला एक व्यापारी' हे उत्तर टिकत नाही, कारण त्या व्यापाऱ्याकडून माल पुढे कुठे जाणार हाच त्यांचा मुद्दा. अरबी आखात ओलांडलं की पलीकडे कोण आहे ते तुम्हाला सांगायला नको.

देरा_दुबई

मान्य. पण मग माझं गिऱ्हाईक म्हणतं, भारताचा माल एवढा कटकटीचा असेल तर जर्मनीतून घेतो.

मिश्रधातू

घेऊ द्या, जर्मनीतही तेच आहे. तिथली परवाने देणारी यंत्रणा 'बाफा', तीही अंतिम वापरकर्त्याचा दाखला मागते. ही उपकरणांची यादी मुळात ऑस्ट्रेलिया ग्रुपची, म्हणजे रासायनिक-जैविक शस्त्रांना लागणाऱ्या मालाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या गटाची, आणि जर्मनी पहिल्यापासून त्यात आहे. उलट तुमच्या गिऱ्हाइकाने जर्मन पुरवठादाराला सही करून कागद दिला आणि भारतीय पुरवठादाराला द्यायला नकार दिला, तर तो नकार कशामुळे याची तुम्ही चौकशी करावी असं मी म्हणेन.

नाव फुटण्याच्या भीतीवर उपाय व्यापारी पातळीवर आहे. पुरवठादाराशी करार करा: तुम्ही कळवलेल्या गिऱ्हाइकाला अमुक वर्षं थेट विकायचं नाही, विकलं तर इतकं कमिशन. काही चांगले कारखानदार असा करार आनंदाने करतात, कारण दुबईत बसून तुमच्यासारखं पैसे वसूल करणं त्यांना जमत नाही. आणि परदेशी गोदामात माल ठेवून तिथून विकण्यासाठी 'स्टॉक अँड सेल' नावाचा वेगळा मार्ग धोरणात आहे. पण गोदाम कुणाचं आणि त्या कंपनीचं तुमच्याशी नातं काय याच्या अटी कडक आहेत, सुट्या व्यापाऱ्याला तो सहसा बसत नाही.

जुनी_फाईल

निवृत्त आहे, कुठून ते सोडा. लोक विचारतात, व्हॉल्व्हमागे एवढं लागायचं कारण काय. थोडा इतिहास.

१९८० च्या दशकात इराण-इराक युद्धात इराकने रासायनिक अस्त्रं वापरली. १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तपासात ते सिद्ध झालं. मग लक्षात आलं की त्यासाठी लागणारी रसायनं आणि सामग्री चोरून आणलेली नव्हती, बरीचशी उघड व्यापारातून, कीटकनाशकाच्या वगैरे नावाखाली विकत घेतलेली होती. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने काही देश ब्रुसेल्समध्ये जमले, तोच ऑस्ट्रेलिया ग्रुप. हलाबजा, म्हणजे त्या कुर्द शहरावरचा इराकचा विषारी वायूहल्ला, त्यानंतरचं, मार्च १९८८ चं. नर्व्ह गॅस बनवताना मधल्या टप्प्यांत इतकी गंजवणारी रसायनं हाताळावी लागतात की साधं पोलाद टिकत नाही. म्हणून यादीत हॅस्टेलॉय, ग्लास लायनिंग, पीटीएफई. यादी रसायनशास्त्राने ठरवलीय, कुणा बाबूच्या लहरीने नाही.

भारत त्या गटात आला १९ जानेवारी २०१८ ला. त्याआधी २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गट आणि डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार (शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या वस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणारा गट). पण कायदा आपल्याकडे आधीपासून होता: सुरक्षा परिषदेच्या २००४ च्या १५४० क्रमांकाच्या ठरावानंतर २००५ चा सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा कायदा आला. त्यात एक गोष्ट महत्त्वाची. वस्तू यादीत नसली, तरी ती अशा शस्त्रासाठी जाणार आहे हे तुम्हाला माहीत असेल तर पाठवता येत नाही. म्हणजे '३१६ आहे हो, यादीबाहेर' हे उत्तर प्रत्येक वेळी चालेल असं नाही.

खवचट_खान

सगळं वाचलं. आता खरं सांगा, आमच्यासारख्या पंधरा कामगारांच्या युनिटमधल्या कुणाला आजवर पकडलंय? दोन व्हॉल्व्हसाठी दिल्लीला फाईल, आणि गिऱ्हाईक म्हणतं आठ दिवसांत माल हवा. मोठ्यांना कम्प्लायन्स डिपार्टमेंट असतं, आमच्याकडे मी, बायको आणि टॅली.

मिश्रधातू

तुमचा दुसरा मुद्दा शंभर टक्के खरा. या यंत्रणेची रचनाच मोठ्या कंपन्यांना डोळ्यांपुढे ठेवून झालीय असं माझंही मत आहे. अर्जाला वेळ लागतो, क्वेरी येतात, आणि लहान युनिटची ऑर्डर तोवर थांबत नाही. ऑस्ट्रेलिया ग्रुपच्या सदस्य देशांना रसायनं आणि संबंधित उपकरणं पाठवण्यासाठी 'जीएईसी' हा सामान्य परवाना आणलाय, त्याने युरोप, जपान, कोरिया, अमेरिकेला पाठवणाऱ्यांची सोय झाली. एकदा घेतला की दर खेपेला वेगळा अर्ज नको, नंतर माहिती कळवायची. पण आपल्या लहान युनिट्सची गिऱ्हाइकं बरीचशी आखातात आणि आफ्रिकेत, त्यांना याचा उपयोग नाही.

पहिल्या मुद्द्यावर मात्र तुमच्याशी सहमत नाही. 'पकडणारा' फक्त न्हावा शेव्यालाच बसलाय असं धरू नका. ३० ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेने रशियाला होणाऱ्या पुरवठ्यावरून जवळपास ४०० व्यक्ती आणि संस्थांवर निर्बंध लावले, त्यात भारतातल्या १९ कंपन्या होत्या. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की आमच्या समजुतीप्रमाणे त्या व्यवहारांत भारतीय कायद्याचा भंग नाही. ते बरोबर असेल, पण निर्बंध तरीही लागलेच, आणि एकदा त्या यादीत नाव गेलं की डॉलरमधला व्यवहार करायला बँका धजत नाहीत. तुमच्या टॅलीवाल्या युनिटचं नाव यादीत यायची गरजही नाही. तुमच्या गिऱ्हाइकाचं आलं की तुमचं पेमेंट लटकलं.

ड्रोनवाली

व्हॉल्व्हच्या धाग्यात घुसखोरी करते. आमची पुण्यात शेतीच्या ड्रोनची लहान कंपनी आहे. ड्रोन श्रेणी ५ मध्ये येतात. जून २०२३ मध्ये धोरण सैल झालं: २५ किमीपर्यंत पल्ला आणि २५ किलोपर्यंत भार असलेल्या नागरी ड्रोनसाठी दर खेपेला परवाना नको, 'जीएईडी' हा सामान्य परवाना घ्यायचा, तो तीन वर्षं चालतो. आम्हाला त्याने खूप हलकं झालं.

पण माझा मुद्दा वेगळा. आमच्या वकिलांनी पहिल्या भेटीतच विचारलं होतं, 'तुम्ही ड्रॉइंग कुणाला मेल करता?' स्कोमेटमध्ये सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञानही आहे. नियंत्रित वस्तू बनवायचं तंत्रज्ञान परदेशी मेलवर पाठवणं म्हणजेही निर्यात, आणि तिला ना शिपिंग बिल, ना कंटेनर. तेव्हापासून आमच्याकडे डिझाइनच्या फोल्डरला वेगळी परवानगी लागते. मिश्रधातू, तुमच्या लोकांना हे लागू होतं ना?

मिश्रधातू

होतं. मात्र कॅटलॉगमधलं जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग आणि वस्तू बनवण्याचं ड्रॉइंग यात फरक आहे. बाहेरची मापं, फ्लँज, वजन एवढं दाखवणारा कागद विक्रीसाठीच असतो. लायनिंगचं मोल्डिंग, टॉलरन्स, प्रक्रियेचे तपशील असलेला कागद मात्र गिऱ्हाइकाने कितीही गोड बोलून मागितला तरी आधी थांबा. तसाही तो फुकट देऊ नये, त्याला स्कोमेटचं कारण कशाला हवं!

पिंपरीचा_पाना

मग कोटेशनमध्ये नेमकं काय लिहायचं? आम्हाला इंग्रजीत कायद्याची भाषा जमत नाही.

मिश्रधातू

भाषा साधीच ठेवा. तीन गोष्टी यायला हव्यात. एक, ही वस्तू भारताच्या निर्यात नियंत्रणाखाली येऊ शकते आणि परवाना मिळाल्यावरच पाठवली जाईल. दोन, डिलिव्हरीची मुदत परवाना मिळाल्याच्या तारखेपासून मोजायची, ऑर्डरच्या नाही. तीन, गिऱ्हाईक ऑर्डरसोबत अंतिम वापरकर्त्याचा दाखला देईल. उशीर झाल्यास दंड अशी अट ऑर्डरमध्ये असेल तर त्यातून परवान्याचा वेळ वगळून घ्या. ऑर्डर आल्यावर हे मागायला गेलात तर गिऱ्हाईक म्हणतं, 'आधी का नाही सांगितलं', आणि त्याचं बरोबर असतं.

दाखल्यावर ऑर्डर नंबर, वस्तूचं वर्णन आणि नग तुमच्या पर्चेस ऑर्डरशी तंतोतंत जुळले पाहिजेत. 'केमिकल प्लांटसाठी' असं मोघम चालत नाही; कुठला प्लांट, कुठल्या लाइनवर, काय वाहणार ते लिहून घ्या. नमुन्याचे नग फुकट असले तरी परवान्यातून सुटत नाहीत, आणि फ्रँकफर्टच्या 'अचेमा'सारख्या प्रदर्शनात मांडायला नेलेले आणि परत आणायचेही नाहीत. सगळे कागद पाच वर्षं जपा.

शेवा_नाका

दुरुस्तीचंही सांगून टाका. लोक परत आलेला व्हॉल्व्ह दुरुस्त करून नव्यासारखाच पाठवतात.

मिश्रधातू

हो, दुरुस्त करून परत पाठवणं हीसुद्धा निर्यातच. त्यासाठीही वेगळा सामान्य परवाना आहे, पण माल आत येतानाच बिल ऑफ एंट्रीवर (कस्टम्सच्या आयातीच्या कागदावर) तो दुरुस्तीसाठी आलाय असं नीट लिहिलेलं हवं, मूळ शिपिंग बिलाचा नंबर आणि व्हॉल्व्हच्या बॉडीवरचा सिरियल नंबर जुळायला हवा. सिरियल नंबर पंच करत नसाल तर उद्यापासून करा.

पिंपरीचा_पाना

आणि ते अलॉय २०? टांझानियाची चौकशी आहे, आमच्या फाउंड्रीच्या सर्टिफिकेटवर क्रोमियम १९.७.

मिश्रधातू

त्या हीटपुरतं बाहेर. पण गिऱ्हाईक ग्रेड मागतंय, हीट नाही. ऑर्डर सहा महिन्यांनी रिपीट होईल आणि तेव्हा २०.३ येईल. मी असतो तर फाउंड्रीला ऑर्डरमध्येच क्रोमियम १९ ते १९.८ बांधून दिलं असतं. फाउंड्रीवाला कुरकुरेल, पैसे थोडे जास्त लावेल. ते जमत नसेल तर सीएन७एम म्हटलं की परवाना लागतो असं धरूनच कोटेशन करायचं. हीट बघून दरवेळी निर्णय घेणारा माणूस ज्या दिवशी रजेवर असेल त्या दिवशी माल जातो. सर्टिफिकेट स्वतंत्र लॅबचं घ्या आणि शिपिंग बिलासोबत सीएचएला आधीच द्या.